पाण्यावरच्या बिऱ्हाडाची वेलबुट्टी

इंग्लंडच्या ज्या मध्यभागाला मिडलंड्स म्हणतात, तेथील अरुंद कालव्यांवरून कोळसा, चिनी माती, धान्य, लोखंड असले रुक्ष जिन्नस वाहून नेणाऱ्या नौकांच्या टपावर, धुराड्याच्या शेजारी, पिण्याच्या पाण्याचा एक पत्र्याचा डबा ठेवलेला असे. आणि त्या डब्याच्या अंगावर तांबड्या, पिवळ्या व पांढऱ्या गुलाबांचे इतके दाट झुबके रंगविलेले असत की, खाली हौद्यात पंचवीस टन कोळसा भरला आहे आणि नावाड्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले आहेत, याचा त्या गुलाबांना जणू पत्ताच नसावा. डब्यातले पाणी काढण्याचे दांड्याचे भांडे, घोड्याचा चंदीचा डबा, घोड्याच्या ओढदोरांत ओवलेले लाकडी मणी, बसावयाचे स्टूल, सुकाणूचा दांडा, यांपैकी काहीही रंगाऱ्याच्या हातून सुटलेले नसे. केबिनीच्या दारांवर तर गुलाबांच्या वरच्या अंगाला एकेक निसर्गचित्रच काढलेले असे: निळे सरोवर, त्यात शिडाचे गलबत, काठाशी कमानींचा पूल, पाठीमागे जांभळे डोंगर, आणि मध्यभागी तांबड्या छपरांच्या बुरुजांचा एक किल्ला, जो इंग्लंडच्या कोणत्याही परगण्यात कोणी कधी पाहिलेला नाही. या साऱ्या सजावटीला तेथील लोक 'गुलाब आणि किल्ले' असेच म्हणतात.

असल्या कामाची गणना लोककलेत करण्याचा प्रघात आहे, आणि लोककला म्हटली की ती कोणत्या तरी पुराणकाळापासून, कोणत्या तरी अरण्यातून किंवा गिरिकंदरातून वाहत आली असावी, असे आपण मनाशी धरूनच चालतो. प्रस्तुत कलेच्या बाबतीत हे गृहीतक सपशेल कोसळते. जिच्यावरून ही सजावट निश्चित ओळखता यावी अशी तिची पहिली सविस्तर लेखी हकीकत १८५८ सालची, म्हणजे पेशवाई बुडून चाळीस वर्षे लोटल्यानंतरची आहे. ती वाफेच्या युगातच जन्मली, कारखान्यांच्या सावलीत वाढली आणि ज्या मालवाहतुकीच्या आधाराने ती जगली ती वाहतूक बंद पडताच तिचा मूळचा संसार आटोपला. ज्यांच्या घराला जग घर म्हणावयास तयार नव्हते, अशा माणसांनी आपल्या प्रतिष्ठेचा दावा शब्दांत न मांडता रंगात मांडला, ही तिची खरी कुळकथा आहे. आणि ती नीट कळावयाची तर प्रथम कालव्यांचा व मग दहा फुटांच्या एका खोलीचा हिशेब पाहिला पाहिजे.

ब्रिजवॉटरच्या ड्यूकच्या वर्स्ली येथे कोळशाच्या खाणी होत्या, आणि तो कोळसा मँचेस्टरला पोहोचविण्यासाठी त्याने जेम्स ब्रिंडली नावाच्या अल्पशिक्षित पण विलक्षण बुद्धीच्या यंत्रकाराच्या साहाय्याने जो कालवा काढला, तो १७६१ साली बार्टन येथे अर्वेल नदीच्या डोक्यावरून, दगडी पुलावरून, पलीकडे नेण्यात आला. पाण्यावरून पाणी जाताना पाहण्यासाठी लोकांची रीघ लागली, आणि मँचेस्टरातील कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर उतरला. भांडवलदारांना या दुसऱ्या चमत्काराचे महत्त्व अधिक वाटले, हे सांगावयास नकोच. १७६६ साली ट्रेंट आणि मर्सी या नद्यांना जोडणाऱ्या कालव्याची पहिली कुदळ जोसाया वेजवुड या कुंभारकामाच्या कारखानदाराने मारली, कारण खाचखळग्यांच्या रस्त्यावरून खेचरांच्या पाठीवर चिनी मातीची भांडी पाठविण्यात होणारी फूटतूट त्याला परवडण्यासारखी नव्हती. या कालव्यावर पाण्याची पातळी चढविण्या-उतरविण्याकरिता दुहेरी दारांचे जे हौद, म्हणजे लॉक, बांधावयाचे होते, त्यांची रुंदी ब्रिंडलीने सुमारे सात फूट व लांबी सुमारे बहात्तर फूट धरली. पैसा आणि पाणी या दोहोंच्या काटकसरीसाठी घेतलेल्या या एका निर्णयाने पुढील दोनशे वर्षांच्या नौकेचा आकार ठरून गेला. लॉकमध्ये मावावयाचे म्हणून नाव सत्तर फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद झाली. आणि लांबीपैकी जितका भाग मालाला देता येईल तितका द्यावयाचा असल्यामुळे माणसांसाठी मागच्या टोकाला दहा फुटांच्या आसपास जागा काय ती उरली.

आरंभीच्या काळात या जागेत बहुधा पुरुषच झोपत, आणि त्यांची बायकामुले काठावरच्या गावी घर करून राहत. परंतु १८३० साली लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली, पुढच्या दोन दशकांत रुळांचे जाळे देशभर पसरले, आणि कालव्याच्या कंपन्यांना आपले दर एकसारखे उतरवावे लागले. दर उतरले की टनामागची मजुरी उतरते, मजुरी उतरली की घरभाडे आणि मदतनिसाचा पगार या दोन्ही गोष्टी चैनीच्या ठरतात. म्हणून नावाड्याने घर सोडले, मदतनिसाला रजा दिली, आणि बायकोच्या हाती सुकाणू व पोरांच्या हाती घोड्याचा लगाम देऊन साऱ्या संसारासह तो नौकेवर राहावयास आला. काही कुटुंबे पूर्वीही अशी राहत असत, परंतु रेल्वेच्या स्पर्धेने अपवादाचा नियम करून टाकला. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असे आपण म्हणतो. येथे बिऱ्हाड सत्तर फुटांच्या नौकेच्या शेपटीवर होते, आणि पुढचे साठ फूट मालकाच्या मालाचे होते.

ही केबिन आत शिरून पाहण्याजोगी होती. दारातून उतरताच डाव्या हाताला लोखंडी शेगडी, तिच्याभोवती घासून लखलखीत केलेली पितळी कांब. तिच्या पुढे एक कपाट, ज्याचे दार वरून खाली उघडले की त्याचेच जेवणाचे टेबल होई, आणि त्या दाराच्या दर्शनी अंगावर किल्ला रंगविलेला. समोर आडवी फळी टाकली की नवराबायकोचा पलंग, दिवसा ती फळी मिटली की वाट मोकळी. उजवीकडे बाजूची बाकडी, हीच पोरांची अंथरुणे. भिंतींना ओकच्या लाकडाच्या रेषांचा आभास देणारे रोगण फासलेले, आणि त्या रोगणावर जाळीच्या कडांच्या चिनी मातीच्या बशा फिती ओवून दाटीने टांगलेल्या. कपाटाच्या फळ्यांना हाताने विणलेल्या लेसच्या झालरी. मीशम गावी कालव्याकाठच्या दुकानात आपले नाव किंवा एखादे शुभवचन घालावयास सांगून जाता जाता मागणी नोंदवावी आणि पुढल्या खेपेला येता येता उचलावी अशी, तपकिरी चकाकीची व रंगीत फुलांची मोठी किटली जिच्या घरी असे तिला शेजारणींत मान असे. गिरणगावातल्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत जिने मांडणीवर पितळेची भांडी चिंचेने घासून उतरंडीने लावली, त्या बाईला या केबिनीत क्षणभरही परके वाटले नसते. जागा जितकी तोकडी तितकी तिची निगुती कडक, हा नियम दोन्हीकडे सारखाच लागू होता. शिवाय यातील एक बारकावा ध्यानात धरण्यासारखा आहे. नाव बहुधा कंपनीच्या मालकीची असे आणि कंपनीच्या हुकुमाने ती बदलतही असे. परंतु बशा, पितळ, झालरी, किटली, स्टूल आणि पाण्याचा डबा ही कुटुंबाची खासगी मालमत्ता होती. ती या नौकेवरून त्या नौकेवर हलविता येत असे, आणि ती जेथे मांडली जाई तेथे घर होई.

बाहेरच्या जगाला मात्र यातले काही दिसत नव्हते, किंवा दिसले तरी पाहावयाचे नव्हते. कालव्यावरची माणसे म्हणजे दारुडी, चोरटी, निरक्षर आणि अस्वच्छ, असा काठावरच्या सभ्य वस्तीचा पक्का ग्रह होता. यांपैकी निरक्षरतेचा आरोप बव्हंशी खरा होता, कारण जी नाव आज एका गावी आणि उद्या दुसऱ्या गावी, तिच्यावरच्या मुलाचे नाव कोणत्या शाळेच्या पटावर राहणार? वीटभट्ट्यांवरील मुलांची दैना चव्हाट्यावर आणणाऱ्या कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथने आपला मोर्चा पुढे कालव्यांकडे वळविला आणि १८७५ साली या लोकसंख्येविषयी ग्रंथ लिहून, एकेका केबिनीत किती माणसे कोंबली जातात, त्यांत रोगराई व अनीती कशी फोफावते, याचे अत्यंत भडक चित्र काढले. त्याच्या खटपटीतून १८७७ चा व पुढे १८८४ चा कालवा-नौकांचा कायदा झाला. नौकांची नोंदणी सक्तीची झाली, केबिनीत किती माणसे झोपावीत याला मर्यादा पडली, तपासनीस नेमले गेले. स्मिथच्या कळकळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही, आणि त्याच्या कायद्याने काही दुःखे हलकी झाली हेही मान्य केले पाहिजे. परंतु ज्या दारातून तपासनीस आत डोकावला त्या दारावरचे गुलाब हे त्याच्या अहवालाला आधीच देऊन ठेवलेले उत्तर होते, याची दखल कोणत्याही दप्तरात झालेली दिसत नाही.

मात्र स्मिथच्या आधी सतरा वर्षे एका वार्ताहराने ही दखल घेतली होती. चार्ल्स डिकन्सच्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' या साप्ताहिकासाठी जॉन हॉलिंग्सहेडने १८५८ साली लंडनहून एका मालवाहू नौकेवरून प्रवास केला, आणि नावाडी आपली सारी रसिकता केबिनीच्या अंतरंगावर व बहिरंगावर कशी उधळतो, सरोवर, किल्ला, गलबत व डोंगर यांची चित्रे तीवर कशी काढलेली असतात आणि पाण्याच्या भांड्यांवरही फुले कशी फुललेली असतात, याचे त्याने किंचित थट्टेच्या पण कौतुकाच्या सुरात वर्णन केले. त्याच्या वर्णनावरून दिसते की पद्धत तोवर पूर्ण घडलेली होती. म्हणजे ती त्याच्या आधीच्या दोनतीन दशकांत, रेल्वेच्या चढाईच्या काळातच, आकाराला आली असली पाहिजे.

येथे दारांविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. चित्रे असत ती केबिनीच्या दोन्ही दारांच्या आतल्या अंगाला. दारे मिटली म्हणजे ती बाहेरून दिसत नसत. सुकाणूवरचे माणूस दाराच्या चौकटीत उभे राहून नाव हाकू लागले की दोन्ही दारे बाहेरच्या बाजूला उलगडत, आणि त्याच्या दोहों अंगांना वर किल्ले व खाली गुलाब अशा दोन उभ्या पाट्या काठावरून पाहणाराला सामोऱ्या होत. म्हणजे कुटुंब जागे आहे, कामावर आहे आणि चालू लागले आहे, अशा वेळीच ही चित्रे जगापुढे येत. नांगरून पडलेल्या बंद नौकेवर ती झाकलेलीच राहत.

ही चित्रे मुळात आली कोठून, या प्रश्नाने पुढे अनेक हौशी संशोधकांची झोप उडविली. कोणी त्यांचा उगम जिप्सींच्या गाड्यांत शोधला, कोणी कार्पेथियन पर्वतराजीत, कोणी बव्हेरियाच्या रंगीत कपाटांत, तर कोणी हॉलंडमधील हिंडेलोपनच्या फर्निचरात. या तर्कांना लागणारा पुरावा फारसा कोणी पुढे आणला नाही. आणला तो केवळ सादृश्याचा, आणि गुलाबासारखा गुलाब जगात कोठेही सापडतोच. चित्रकार आणि अभ्यासक टोनी ल्युअरी यांनी १९७४ मध्ये व नंतरही या विषयावर जी पुस्तके लिहिली, त्यांत त्यांनी नजर दूर देशाकडून काढून कालव्याच्या काठावरच वळविली. बर्मिंगहॅम, वुल्वरहॅम्प्टन व बिल्स्टन या गावी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत काळ्या रोगणाच्या पत्र्याच्या तबकांचा मोठा व्यापार चाले आणि त्या तबकांवर फुले व निसर्गदृश्ये रंगविणारे शेकडो कसबी रोजंदारीवर राबत. उभ्या घड्याळांच्या तबकड्यांच्या कोपऱ्यांत असेच किल्ले आणि अशीच भग्न मंदिरे काढली जात. आणि स्टोकच्या भट्ट्यांतून बाहेर पडणाऱ्या भांड्यांवर झपाट्याने मारलेल्या फटकाऱ्यांचे गुलाब असत. हा सारा माल कोणाच्या नौकांतून जात होता? याच नावाड्यांच्या. मग त्यांच्या नौकांवर तेच गुलाब उमटले तर कार्पेथियाला साकडे घालण्याचे प्रयोजन काय? मला तर या दूरच्या उगमांच्या हव्यासामागे एक सूक्ष्म अपमान लपलेला दिसतो: कोळशाच्या नौकेवरच्या मजुराला सौंदर्याची भूक स्वतःच्याच पोटातून लागली असेल, यावर शिकलेल्या माणसाचा सहजासहजी विश्वास बसत नाही.

रंगविण्याचे काम नावाडी स्वतः क्वचितच करी. ते गोदीत होत असे. नाव दोनतीन वर्षांनी गोदीत चढवावयाची, तळ खरवडून फटी बुजवावयाच्या, डांबर द्यावयाचे, आणि मग केबिन रंगवावयाची, असा क्रम असे. आणि जो सुतार किंवा रंगारी डांबर फाशी, तोच पुष्कळदा गुलाबही काढी. ग्रँड युनियन आणि ऑक्सफर्ड हे कालवे जेथे मिळतात त्या ब्राउन्स्टनच्या गोदीतला फ्रँक नर्सर हा या कसबातला सर्वांत नावाजलेला हात. त्याच्या नंतर रॉन हफने तेथे तीच धाटणी चालविली. स्टोकच्या बाजूला बिल हॉजसनचे गुलाब वेगळ्या ठेवणीचे, तर लेटन बझर्डला फ्रँक जोन्सचे आणखी वेगळे. आणि जाणता नावाडी दुरून पाण्याचा डबा पाहून तो कोणत्या गोदीत रंगला ते सांगू शके. लीड्स-लिव्हरपूल कालव्यावर, जेथे नौका चौदा फूट रुंद असत, तेथे तर वळणदार पानांची व भौमितिक पट्ट्यांची निराळीच शैली नांदत होती.

एक गुलाब कसा होतो ते पाहिले म्हणजे या कलेची प्रकृती कळते. प्रथम गडद हिरव्या भूमीवर फिकट हिरव्या रंगाची पाने दोनदोन फटकाऱ्यांत टाकली जातात. मग रुपयाएवढे गोल ठिपके: तांबड्या गुलाबासाठी काळपट हिरमुजी, पिवळ्यासाठी नारिंगी-तपकिरी, पांढऱ्यासाठी गुलाबी. हे अस्तर सुकले की लांब केसांचा मऊ कुंचला उजळ रंगात बुडवून, ठिपक्यावर टेकवून, दाबून, आणि वळवता वळवता उचलून एक पाकळी. अशा सातआठ पाकळ्या, मोठ्या कडेला आणि लहान मध्याकडे. कुंचला टेकतो तेथे पाकळी भरते आणि उठतो तेथे ती निमुळती होते; दुसऱ्यांदा हात फिरविण्याची मुभा नाही, कारण फिरविला की रंग मळतो. शेवटी पिवळे केसर, पानांच्या शिरा, आणि वरून रोगणाचा हात. यात गुलाबाचे निरीक्षण जवळजवळ नाहीच. आहे ती मनगटाला मुरलेली एक गत. रंगाऱ्याला मजुरी कामावर मिळे, नाव गोदीत पडून राहिली की नावाड्याची कमाई बुडे. त्यामुळे दोघांनाही घाई असे, आणि या घाईनेच तो फटकारा असा निःशंक झाला.

बाहेरच्या भिंतीवर मालकाचे नाव छाया दिलेल्या मोठ्या अक्षरांत असे. फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन यांच्यासारख्या मोठ्या कंपन्या आपल्या ठरीव रंगांबाबत दक्ष असत व वेलबुट्टीवर फार खर्च करीत नसत. पण ज्यांची नाव स्वतःच्या मालकीची होती त्या स्वतंत्र नावाड्यांची हौस विशेषतः ऑक्सफर्ड कालव्यावर अमर्याद चाले. मालकी आणि रंग यांचे नाते येथेही उघड होते.

१ जानेवारी १९४८ रोजी कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. नव्या सरकारी मंडळाने आपल्या ताफ्याला निळा आणि पिवळा गणवेश चढविला, आणि या सुटसुटीत रंगसंगतीत किल्ल्यांना व गुलाबांना फारसा वाव उरला नाही. सरकारने कोणावर जुलूम केला असे म्हणता येणार नाही. सगळ्या नौका एका मालकाच्या झाल्या, म्हणून त्या एका रंगाच्या झाल्या, एवढेच. पाण्याचे डबे मात्र खासगीच असल्यामुळे रंगीतच राहिले.

त्याच सुमारास या जगाकडे दुसऱ्या एका वर्गाचे लक्ष गेले होते. एल. टी. सी. रोल्ट या अभियंता-लेखकाने बॅनबरीच्या टूली यांच्या गोदीत आपली 'क्रेसी' ही नाव राहण्यायोग्य करून घेतली आणि १९३९ साली तीवरून जो प्रवास केला त्याचे 'नॅरो बोट' हे पुस्तक १९४४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. त्यातून १९४६ मध्ये रॉबर्ट एकमनसह अंतर्गत जलमार्गांची संघटना उभी राहिली. युद्धकाळात नावाडी कमी पडल्याने शहरी मुलींना शिकवून मालाच्या नौकांवर पाठविण्यात आले होते. त्यांपैकी एमा स्मिथने १९४८ साली आपले अनुभव पुस्तकरूपाने मांडले. १९५१ च्या ब्रिटन महोत्सवाच्या वर्षी बार्बरा जोन्सने लंडनच्या व्हाइटचॅपल दालनात लोकांच्या नित्याच्या कलांचे प्रदर्शन भरविले, आणि त्याच वर्षीच्या तिच्या ग्रंथात कालव्यावरच्या चित्रकामाला सन्मानाचे स्थान मिळाले. ज्यांच्या केबिनीत सभ्य माणसे पाऊल ठेवीत नसत, त्यांचे डबे आता सभ्य माणसे विकत घेऊ लागली.

हा सन्मान आला तेव्हा धंदा अखेरच्या घटका मोजीत होता. १९६२-६३ च्या भयंकर हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले, गिऱ्हाइके मोटारलॉऱ्यांकडे वळली ती वळलीच, आणि सरकारी मंडळाने आपली बहुतेक मालवाहतूक १९६३ मध्ये आवरती घेतली. लंडनच्या साउथॉल येथील मुरांब्याच्या कारखान्याला कोळसा पोहोचविण्याची अखेरची नियमित लांब पल्ल्याची खेप १९७० साली संपली, आणि घोड्यांवर, मग इंजिनांवर पिढ्यान् पिढ्या चाललेल्या संसारांना काठावर उतरावे लागले. आज स्टोक ब्रुअर्न आणि एल्समीअर पोर्ट येथील संग्रहालयांत त्यांच्या नौका, दारे व डबे जपून ठेवलेले आहेत. कालव्यांवर हजारो नौका आहेत, पण त्या सहलीच्या किंवा राहण्याच्या. आणि त्यांच्यावरची नावे पुष्कळदा चिकटपट्टीच्या अक्षरांची असतात.

गुलाब काढावयास शिकविणारे वर्ग चालतात, त्यांत निवृत्त गृहस्थ व गृहिणी मोठ्या श्रद्धेने बसतात, आणि एकेका पाकळीवर पाचदहा मिनिटे खर्चून गुलाब अगदी हुबेहूब उतरवितात. त्यांची निष्ठा वंदनीय आहे. पण त्यांचा गुलाब बहुधा ताठ दिसतो, आणि त्याचे कारण त्यांच्या कौशल्यात नसून त्यांच्या फुरसतीत आहे. जो फटकारा गोदीतल्या घाईने, उघड्या पावसाने आणि दर दोनतीन वर्षांनी सारे खरवडून पुन्हा काढण्याच्या सक्तीने घडला, तो आदराने टिकत नाही. संग्रहालयाने जुना थर राखावा, ते त्याचे कर्तव्यच आहे. परंतु गोदीतल्या रंगाऱ्याने जुन्या थराची कधी पर्वा केली नाही, आणि ही बेपर्वाईच त्याची परंपरा होती. ज्या थोड्या गोद्यांतून आजही रंगारी पोटासाठी, दिवसाच्या हिशेबाने, चालत्या नौकांची दारे रंगवितात, तेथे ही कला जिवंत आहे असे म्हणावे लागेल. आणि तिचे ज्यांना खरोखर अगत्य असेल त्यांनी तिची पूजा बांधण्यापेक्षा तिला काम द्यावे, भाव ठरवावा, आणि नाव वेळेवर मागावी.